चौदा मिलिमीटर

आमचा केळीचा ट्रक आबा एकोणीस वर्षं चालवत आहेत. वय बासष्ट. गेल्या थंडीत चोपड्याहून निघून दोंडाईचाला पोचेपर्यंत त्यांचं डोकं ठणकू लागे. त्यांच्या मुलाने सांगून टाकलं, "आबा, आता वय झालं. या रविवारनंतर स्टेअरिंग नाही." आबांनी दोन दिवस जेवणाचा डबा न उघडता परत आणला.

मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. वही काढली. पंधरा फेऱ्यांपैकी अकरांत डोकं दुखलं होतं, आणि त्या अकराही वेळी गारठ्यामुळे काचा बंद होत्या. चार वेळा काचा उघड्या, डोकं शांत. वयाचा काचेशी काय संबंध?

शनिवारी आबा आणि मी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा, हिसके सोसणारा, वळ्यावळ्यांचा, वरून तारांची जाळी असलेला फ्लेक्सिबल पाईप केबिनच्या बरोबर खाली असतो. मिस्त्रीने वाकून पाहिलं.

"भाऊ, वरची जाळी बठ्ठी चांगली शे. उगाच नका खोलू, बोल्ट तुटतीन."

"तुटले तर नवे घालू. पाईप उतरवा," मी म्हणालो.

इंजिन गार झाल्यावर बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारलं. ते मुरेपर्यंत मी टेप लावून पाईप मोजला. चारशे चौतीस मिलिमीटर.

"पॅन्ट शिवनी का त्याले?" मिस्त्री हसला.

चारपैकी एक बोल्ट तुटलाच. शेवटचा सुटताच पाईप टुणकन आखडला. पुन्हा मोजला, चारशे वीस. मिस्त्रीचं हसू थांबलं. हा पाईप हिसके सोसायला असतो, ताणून बसवायला नाही.

दोन्ही तोंडं बंद करून, आत थोडी हवा भरून पाईप पाण्याच्या टाकीत बुडवला, पंक्चर बघतात तसा. जाळीखालून बुडबुड्यांची रांगच लागली. आतल्या वळ्या तडकल्या होत्या; काचा बंद असल्या की तिथून निघालेला धूर केबिनमध्येच कोंडत होता. आबा टाकीपाशी उकिडवे बसून बघत होते, ते ताडकन उठले.

"मी म्हातारा नही व्हयनू! हाऊ पाईप म्हातारा व्हयना!"

पण तो ताणला कोणी? वही मागे चाळली. दिवाळीच्या आधीची माझ्याच अक्षरातली नोंद: 'सायलेन्सर डिझेल टाकीच्या रेषेत नव्हता, त्याला धरणारा क्लँप मागे घेऊन सरळ केला.' पहिली डोकेदुखी त्यानंतर पाचव्या दिवशी. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, लपवून कुठे जाणार?

आबा म्हणाले, "एवढी वर्षं वाकडा होता, त्यानं काय बिघडलं होतं, भाऊ?"

क्लँप चौदा मिलिमीटर पुढे घेतला. नवा पाईप स्वतःच्याच मापात बसला. इंजिन चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं, एकही फुगा आला नाही.

रविवारी मी मुलाला आबांच्या शेजारी बसवून दिलं. अट एकच, काचा बंद. दुपारी दोंडाईचाहून त्याचा फोन आला.

"डोकं?" मी विचारलं.

"आबांचं ठीक आहे, काका. माझं उठलंय. चोपड्यापासून त्यांची गाणी चालू आहेत."

"मग पुढच्या रविवारी?"

"तेच चालवतील. मी नाही येणार."

वहीत लिहिलं: फेरी सोळावी, काचा बंद, डोकं शांत. मुलाच्या डोक्यासाठी रकाना नव्हता.