डावीकडचं नरसाळं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कपाटात एक शाल आहे, ती माझ्या हुशारीची असं तिला वाटतं. मी तसं वाटू दिलं. आठ वर्षं.

शालीचं काही नाही खरं तर. पण तिथूनच सुरू करू द्या. थेट मुद्द्यावर यायची मला सवय नाही.

तुळजापुरात माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. ओळखीतले एक पुजारी होते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या. कुठल्या गावचं कुठलं घराणं दर्शनाला आलं, कुणाबरोबर कोण, कुणाचा आजा कोण. आलेल्या माणसाला त्याच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवलं, की तो हात जोडतो. वह्यांना वाळवी लागायला लागली, अण्णांची नजरही अधू झाली, तेव्हा सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. डेटाबेस मी बसवून दिला. पण वह्या मोडी लिपीत, आणि मला मोडी येत नाही. अण्णांच्या सूनबाईंना, सविता वहिनींना, येत होती. लग्नाआधी हौसेनं शिकलेल्या. स्वयंपाक उरकला की दुपारी त्या बसायच्या, एका हातानं पान धरून, एका हातानं टाइप करत. दीड वर्ष.

पडद्यावर डावीकडं गावांचं झाड होतं. तालुक्यापुढची अधिकाची खूण दाबली की फांदी उघडायची, खाली गावं. गावावर टिचकी मारली की उजवीकडं घराणी. अण्णांना त्या झाडाचं फार कौतुक. "वंशावळच की रे ही," म्हणायचे.

एका रविवारी तामलवाडीचे पाहुणे आले होते. मला मिरवायची हुक्की आली. झाडाच्या मुळाशीच फिल्टर लावला, गावाचं नाव टाकलं — बाकी सगळं झाड गायब, तामलवाडी तेवढी राहिली. पाहुणे खूश. मग चहा आला, गप्पा झाल्या आणि मी घरी गेलो. फिल्टर तसाच ठेवून.

विसरलो. विसरणं हा गुन्हा नव्हे, हे मलाही कळतं. तेवढंच असतं तर मी हे लिहीत बसलो असतो का?

सोमवारी वहिनींनी तामलवाडीचीच राहिलेली पानं भरली. मंगळवारी मुरुमचं एक कुटुंब आलं आणि अण्णांचा मला फोन. समोरच्या खोलीत सहा-सात माणसं बसलेली. मधे एक आजी, अर्धं कानडी बोलणाऱ्या, आपल्या आजोबांचं नाव ऐकायला आलेल्या. पडद्यावर मुरुम नाही. उमरगा तालुकाच नाही. मी यादी ताजी केली, प्रोग्राम बंद करून उघडला, मशीन बंद करून चालू केलं. तेच. खोली माझ्याकडं बघतेय. आणि मी विचारलं,

"काल शेवटी कोण बसलं होतं?"

प्रश्नच होता ना तो? किती वेळा मी स्वतःला असं समजावलं. पण असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवं नसतं, माणूस हवा असतो.

वहिनी दारात उभ्या होत्या. "मीच होते. पण मी काही पुसलं न्हाय, भाऊजी."

"चुकून हात लागतो कधी कधी," मी म्हणालो.

अण्णांनी आवाज चढवला नाही. "दीड वर्षाचं पाणी केलंस," एवढंच म्हणाले. "आता मशीनलाबी हात लावू नकोस अन् वह्यांनाबी." मुरुमची वही आत होती, वाचणारी दारात उभी होती — पण तिला आता कोण विचारणार? आजी नाव न ऐकताच गेल्या.

मशीन मी दुरुस्तीला म्हणून क्लासवर आणलं. त्याच दुपारी दिसलं. झाडाच्या मुळाशेजारी, ज्वारीच्या दाण्याएवढी, नरसाळ्यासारखी खूण. फिल्टर. उघडून बघितलं तर आत माझाच शब्द — तामलवाडी. काढला. सगळी गावं जागच्या जागी. दोन टिचक्यांचं काम.

फोन खिशात होता. केला नाही. उलट मशीन तीन दिवस ठेवून घेतलं, काम अवघड होतं असं वाटावं म्हणून. मग नेऊन दिलं आणि म्हणालो, मिळालं परत. अण्णांचे डोळे भरून आले. त्याच खोलीत, शेजाऱ्यांना बोलावून, मला शाल घातली. नारळ आतून वहिनींनी आणून दिला.

अजूनही मुद्द्यावर आलो नाही, बघा.

महिन्याभरानं मी सहज गेलो होतो. खोलीत कुणी नव्हतं. वहिनींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्या झाडाजवळ नरसाळ्यावानी काहीतरी दिसत होतं. त्या सोमवारी, मी बसले तवा. ते काय असतं?"

आवाजात तक्रार नव्हती. हाच प्रश्न त्या अण्णांसमोर विचारू शकल्या असत्या. खोली रिकामी होईपर्यंत थांबल्या — कुणासाठी? माझ्यासाठीच ना?

आणि मी म्हणालो, "काही नाही वहिनी, तसंच असतं ते."

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. चार वह्या टाइप करायच्या राहिल्या होत्या, त्या फडक्यात बांधलेल्या आहेत. वहिनींनी नंतर त्यांना हात लावला नाही. घरात दुसऱ्या कुणाला मोडी येत नाही. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले, सुनेनं घालवलं आणि मी परत आणलं असंच समजून. घरात आता त्याची थट्टा झालीय. लग्नकार्यात कुणी ना कुणी म्हणतंच, "वहिनी, रिमोटला हात लावू नका, गावं जातील." वहिनी हसतात. मीही हसलोय, एकदाच नव्हे.

वहिनींनी काही पुसलं नव्हतं. फिल्टर मी लावला होता. ही दोन वाक्यं मला त्या समोरच्या खोलीत, घरच्या सगळ्यांसमोर, त्यांचं नाव घेऊन म्हणायची आहेत. अण्णांना ती आता ऐकवता येत नाहीत. वहिनींचं देणं अजून माझ्याकडं आहे.