काठ्यांना टोप्या कशाला?

किस्से काही कोणी ठरवून जमवत न्हाई. चार जण बसले की एक जण सुरू करतो, दुसरा म्हणतो, "तसं न्हाई झाल्तं ते!" आणि त्या भांडणातून तिसराच किस्सा बाहेर येतो. आमच्या गोल्फचे किस्से असेच साचत गेले. हो, गोल्फच! जालन्यात! हसा खुशाल, मला सवय हाय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होतो. आमचे मॅनेजर शितोळे साहेब इंदूरजवळच्या महूचे, मिलिटरीच्या घरातले. त्यांना गोल्फशिवाय करमेना. बदनापूरच्या अंगाला भानुदासराव नावाच्या शेतकऱ्याचा खडकाळ माळ पडीक होता, तिथं साहेबांनी खेळ मांडला. गवत तर उगवायचंच न्हाई. मंग भोकाभोवती वाळू पसरून तिच्यावर मिलमधलं जळकं ऑइल ओतायचं, की मैदान तयार! खेळणारे पाच जण: साहेब, मी, खुद्द भानुदासराव, बदनापूरच्या शाळेतले साळवे सर आणि ढोरांचे डॉक्टर पाठक.

*

साहेबांनी पहिल्यांदा बॅग उघडली तो दिवस अजून डोळ्यासमोर हाय. बॅगेत पुष्कळ काठ्या. बऱ्याचशा उघड्या, लोखंडी डोक्याच्या. चार काठ्यांच्या डोक्यावर मात्र टोप्या.

भानुदासराव बॅगेभोवती एक चक्कर मारून आले. "साहेब, ह्या चौघान्ला सर्दी झाली का?"

साहेबांनी शांतपणे समजावलं. "ह्यांची डोकी लाकडाची आहेत. चालताना बॅगेतल्या लोखंडी काठ्या त्यांच्यावर आपटतात. टवका उडतो, पॉलिश जातं, ओल शिरते. एकदा फुटली की इथं दुसरी मिळत नाही."

"म्हंजे मारतं कोण? लोखंड?"

"हो."

"आन् मार कोण खातं? लाकूड?"

"बरोबर."

"मंग टोपी त्या लोखंडाला घाला की! सगळा दंगा ते करून राह्यलं, आन् तोंड झाकून बसायचं बिचाऱ्या लाकडानं!"

साहेब बॅग उचलून चालायला लागले.

ह्या चारांतल्या तीन टोप्या लोकरीच्या होत्या. चौथी चामड्याची, जुनी, लेसनं घट्ट बांधलेली. ती एक नंबरची, म्हंजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, पण साहेबांनी ती कधी बाहेर काढली न्हाई. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ती भाऊंची आहे." भाऊ म्हंजे त्यांचे थोरले बंधू. फौजेत होते, लढाईत गेले. त्यानंतर आम्ही कोणी तो विषय काढला न्हाई.

*

आमच्या माळावर बाभळी मायंदाळ. वर्षभरात लोकरीच्या टोप्यांच्या चिंध्या झाल्या. साळवे वहिनींचा विणकामात हात चांगला, म्हणून सरांनी काम त्यांच्यावर सोपवलं. माप काय सांगितलं? "लहान लेकराच्या डोक्याएवढं कर."

वहिनी ओट्यावर बसून विणायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघून जायच्या, गालातल्या गालात हसायच्या. तिसरी टोपी सुरू झाली आणि बदनापुरात बातमी फुटली.

हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये सरांचा हात धरला. "काय साळवे सर! एकदम तीन? डॉक्टर काय म्हणतात?"

सरांना वाटलं, गोल्फचीच चौकशी हाय. म्हणाले, "सगळं पाठक डॉक्टरांच्या सल्ल्यानंच चालू आहे!"

पाठक डॉक्टर कोणाचे डॉक्टर, हे साऱ्या बदनापूरला ठाऊक!

चार दिवसांनी सरांच्या आई गावाहून डिंकाचे लाडू घेऊन हजर. सरांनी घाबरत घाबरत त्यांना काठ्या दाखवल्या. म्हातारीनं एकेक टोपी काढून बघितली, परत घातली, आणि म्हणाली, "लाकडाचं लई कौतुक चाललंय. माझ्या मांडीवर काय, हे ठेवू का?"

लाडू मात्र तिनं परत नेले न्हाईत. आम्ही माळावर बसून खाल्ले. फर्स्ट क्लास होते.

*

त्यातली तीन नंबरची टोपी माळाशेजारच्या पारूबाईच्या शेळीनं खाल्ली. माळावर चारा नव्हताच, शेळीचा तरी काय दोष?

पारूबाईनं डॉक्टरला धरलं. "माझ्या शेळीच्या पोटात लोकर गेली. तिला काही झालं तर बघा!"

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, बाहेर पडेल आपोआप."

झालं! दुसऱ्या दिवसापासून आम्ही काठी उगारली रे उगारली की बांधावरून पारूबाईची हाक, "डॉक्टर! आज बी न्हाई पडली!" सगळा नेम चुकायचा. साहेबांसारखा शांत माणूस, पण तेबी शेवटी विचारायला लागले, "डॉक्टर, काही औषध देता येत नाही का?"

मंग एक दिवस ती बांधावरून पळतच आली. "पडली वो, पडली!" आम्हाला इतकं हायसं वाटलं की पाचही जणांनी हातातल्या काठ्या टाकून टाळ्या वाजवल्या.

भानुदासराव माझ्याकडं वळले. "जाधव, जा. धुऊन आणा."

*

साहेब दर उन्हाळ्यात सुट्टीला महूला जायचे तेव्हा बॅग सोबत न्यायचे. तिकडं त्यांचे वडील असायचे, सगळे त्यांना आबा म्हणत. एका वर्षी आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, साहेब घाईत निघाले आणि बॅग माझ्याकडं ठेवली.

"खेळा खुशाल. फक्त चामड्याची टोपी सोडायची नाही. जाधव, जीवापाड सांभाळा. ती गेली तर भाऊंची दुसरी वस्तू नाही माझ्याकडं."

माझी तर झोपच उडाली! बॅग पलंगाच्या उशाशी ठेवून झोपायचो. बायको म्हणाली, "आता हिलाच चहा करून देत जा सकाळी."

तशात औरंगाबादला छावणीत मॅच ठरली. आम्ही चौघं टेम्पोत बसून निघालो, बॅग टपावर बांधलेली. ते आणीबाणीचे दिवस. वाटेत नाक्यावर पोलिसानं हात दाखवला. बॅग खाली उतरवली, आणि टोप्या बघून त्याचे डोळे मोठे झाले.

"बंदुकीच्या तोंडाला अशीच टोपी घालतात. मला शिकवू नका. उघडा!"

आम्ही लोकरीच्या तिन्ही टोप्या, शेळीनं खाल्लेलीच्या जागी वहिनींनी विणलेली नवी धरून, काढून दाखवल्या. लाकूड बघून तो जरा निवला. मंग त्यानं चामड्याच्या टोपीवर बोट ठेवलं. "ही?"

साळवे सर पुढं झाले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "ही एका शहीद माणसाची आहे. आम्ही न उघडायचा शब्द दिलाय. तुम्ही वरून दाबून बघा."

पोलिसानं टोपी हळूच दाबली. मंग एकदम सरळ उभा राहून त्यानं काठीला सॅल्यूट ठोकला! वर स्वतःच्या हातानं बॅग टपावर चढवून दोरी बांधली. आमचा जीव भांड्यात पडला.

दोरी मात्र त्या पोलिसानं ढिली बांधली होती. पुढच्याच खड्ड्यात बॅग धाडकन रस्त्यावर!

*

लोकरीच्या टोप्यांमधली तिन्ही डोकी शाबूत. मी चामड्याची टोपी हातात धरून जरा हलवली. आतून 'कुर्र' असा आवाज आला.

डॉक्टरांनी टोपीवरून बोटं फिरवली. वासराचा पाय तपासावा तसं. "फ्रॅक्चर वाटतंय."

"लेस सोडून बघू की," भानुदासराव म्हणाले.

"न्हाई," सर म्हणाले. "शब्द दिलाय."

मॅचमध्ये काय झालं ते विचारू नका. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नोकरीची न्हाई, साहेबांच्या चेहऱ्याची भीती वाटायची. एवढ्या विश्वासानं दिलेली वस्तू!

साहेब परत आले ते आबांना घेऊनच. डोळ्यांवर काळा चष्मा, वरांड्यात खुर्चीवर बसलेले आबा. आम्ही चौघं बॅग घेऊन गेलो. मी फाटकातच सांगून टाकलं, "साहेब, बॅग पडली हो. भाऊंच्या काठीतून आवाज येतोय."

साहेबांनी आधी आबांकडं बघितलं, मंग माझ्या तोंडावर हात ठेवला आणि आम्हाला घराच्या मागं नेलं. लेस सोडली. टोपी काढली. लाकडाच्या डोक्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर!

मी मटकन खालीच बसलो. "साहेब, काय वाट्टेल ती शिक्षा द्या."

साहेब हसायला लागले. तोंड दाबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "उठा हो जाधव! ही चीर तुमची नाही. आबांचा हिच्यावर फार जीव. गुडघे गेले तेव्हा त्यांनी ही भाऊंना दिली, आणि भाऊंनी पहिल्याच दिवशी दगडावर हाणली! आबांच्या भीतीनं सरस लावून चिकटवली आणि वर ही टोपी चढवली. आबांना कळू द्यायचं नाही, असा मी शब्द दिला होता. आजतागायत पत्ता नाही त्यांना. एकदाच लावलेला सरस, पण इतकी वर्षं कसा टिकला देव जाणे!"

काय सांगू तुम्हाला! छातीवरचा दगड उतरला. भानुदासरावांनी मला उठवून मिठीच मारली. सर चष्मा पुसायला लागले. डॉक्टर म्हणाले, "बघा, फ्रॅक्चर म्हणालो होतो की न्हाई? जुनं निघालं, एवढंच."

तेवढ्यात भिंत चाचपत आबा मागच्या दारात आले. "कोण आलंय रे? बॅग आली का?"

साहेबांनी घाईघाईनं टोपी चढवली, लेस आवळली. आबा पुढं आले. त्यांचा हात काठ्यांवरून फिरत फिरत चामड्याच्या टोपीवर थांबला. त्यांनी ती जराशी हलवली. 'कुर्र.'

आबांच्या कपाळाला आठी पडली.

"यंदा बॅग घरी आणली नाहीस तू," ते साहेबांना म्हणाले. "मग मी दरवर्षीचा सरस लावणार कधी?"