घोट्याजवळची शीर

कानामागून आली अन् तिखट झाली! ही म्हण अलीकडे कोकिळाबाईंच्या जिभेवर नुसती नाचत होती. कुणी विचारो न विचारो, दामिनीचं नाव निघालं की त्या ती म्हणायच्याच.

आता त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. पुलगावातल्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात रक्त काढावं तर कोकिळाबाईंनीच, असा शिरस्ता होता. तान्ह्या लेकराची शीर म्हणजे काय चेष्टा आहे? वरून गुबगुबीत मांस, आत दोऱ्याएवढी नस, अन् सुई टेकली की तीही बाजूला सरकते. भलेभले हात टेकायचे. मग डॉक्टरसाहेब आतूनच ओरडायचे, "कोकिळाबाईंना बोलवा!" त्या यायच्या, आधी लेकराच्या आईला खोलीबाहेर काढायच्या, दार लावायच्या, डोळे मिटून बोटानं चाचपायच्या. बाहेर आई रडतेय, आत लेकरू टाहो फोडतंय, अन् जरा वेळानं बाई जांभळ्या टोपणाची नळी हलवत व्हरांड्यात. सगळ्या आया त्या नळीकडे देवाचा प्रसाद आल्यासारख्या बघायच्या. खोटं कशाला बोला, त्या बघण्यासाठीच बाईंचा जीव होता.

मग ही आर्वीकडची दामिनी नोकरीला लागली. सडपातळ, हळू बोलणारी पोरगी. हिनं आईला बाहेर काढणंच बंद केलं! लेकरू पदराखाली दूध पीत असायचं, अन् ही त्याचा इवलासा हात मोबाइलच्या टॉर्चवर धरायची. लाल उजेडात शिरेची काळी रेघ दिसली की सुई आत. काही लेकरं तर दूधही सोडायची नाहीत. आया एकमेकींना सांगू लागल्या, "त्या बारक्या सिस्टरकडं जाजो व, लेकरू रडतच नाई."

घरी रूपरावांपुढं कोकिळाबाईंनी ताट आदळलं. "टॉर्च लावून कोनीबी काढीन! आमी नुसत्या बोटानं काढलं."

"मंग तूबी लाव ना टॉर्च," रूपराव पोळी कुस्करत म्हणाले. झालं! नवऱ्याशी आठवडाभर अबोला.

पण एक गोष्ट दामिनीजवळ नव्हती. काजल.

काजल तीन वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पोर. सारख्या तपासण्या, सारख्या सुया. हातांच्या शिरा टोचून टोचून निबर झालेल्या. बोटाला लागतात, पण रक्त देत नाहीत. तिच्या डाव्या पायाला मात्र, आतल्या घोट्याच्या जरा पुढं, एक शीर कोकिळाबाईंना सापडली होती. पायातलं पैंजण वर सरकवायचं, टाच मुठीत धरायची, एका टोचणीत काम फत्ते. मग चिकटपट्टीवर पेनानं चिमणी काढायची, की पोरगी रडता रडता हसायची. लोणच्याची कृती जावेपासून लपवावी तशी बाईंनी ती शीर सगळ्यांपासून लपवली होती.

त्या दिवशी काजलची आई जया आली अन् दारातच म्हणाली, "ताई, राग नका मानू. आज दामिनी सिस्टरले पाहू द्या ना. मले पोरीजवळ बसता येईन."

राग नका मानू म्हणे! कोकिळाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाहू दे. माह्या बापाचं काय जाते?"

दामिनीनं काजलला आईच्या मांडीवर बसवलं अन् सरळ विचारलं, "ताई, हिची कोणती शीर बरी आहे?"

"ते ज्याच्या त्याच्या बोटाले समजते बाई. तोंडानं नाई सांगता येत."

असं म्हणून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दवाखान्याचा नियमच होता, एका सिस्टरकडून दोनदा हुकलं की दुसरीनं काढायचं. हुकू दे दोनदा. मग मी आहेच!

टॉर्च लागला. सुई उजव्या हातात गेली, रक्त आलं नाही. काजल किंचाळली. डाव्या हातात गेली, पुन्हा नाही. काजलनं आईचा पदर दातात धरला. अन् कोकिळाबाईंना, काय सांगावं, आतून गुदगुल्या झाल्या. लाज वाटली नाही असं नाही. वाटली, पण गुदगुल्या जास्त होत्या.

"ताई, आता तुम्ही," दामिनी घाम पुसत म्हणाली. बाईंनी तोऱ्यात हातमोजे चढवले.

तेवढ्यात काजल हुंदके देत खाली वाकली. आपल्या हातानं तिनं डाव्या पायातलं पैंजण वर सरकवलं अन् पाय दामिनीपुढं केला. घोट्याजवळ नेमकं बोट ठेवून म्हणाली, "इथं काढ. इथं निंगते." मग कोकिळाबाईंकडे बघून, "मावशे, तुले तं ठाऊक होतं. तू काऊन नाई सांगतलं?"

जयानं मान वर करून बाईंकडे एकदा पाहिलं, मग पोरीच्या सुजलेल्या हातांकडे. दामिनी बाजूला सरकली. तिनं एक शब्द तरी बोलायचा होता! भांडली असती तरी परवडलं असतं.

कोकिळाबाईंनी टाच मुठीत धरली. एका टोचणीत रक्त आलं, नळी भरली. सवयीनं पट्टी लावून त्यांनी खिशातलं पेन काढलं, तर काजलनं पाय ओढून घेतला.

"तू नको. हिले काढू दे."

दामिनीनं उभ्या जन्मात चिमणी काढली नव्हती. तिची चिमणी म्हणजे चक्क कोंबडी, एक पाय आखूड, चोच वाकडी. कोकिळाबाई मनात म्हणाल्या, ही काय चिमणी आहे? काजल मात्र नाक पुसून खुदकन हसली.

नळी घेऊन बाई व्हरांड्यात आल्या. बाकावरच्या आया सवयीनं त्यांच्याकडे बघू लागल्या, तशी त्यांनी नळी मुठीत झाकून घेतली.