खिडकीबाहेर बघितलं की

सौदीतल्या धाहरानच्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा साठीचा अकाउंटंट मूळचा बैरुतचा आर्मेनियन. कादंबऱ्या लिहितो. इथे त्याची भाषा वाचणारं कुणी नाही, म्हणून लिहिलेलं रोज मलाच वाचून दाखवायचा. मला त्यातलं एक अक्षरही कळत नाही.

"कळायला नकोच," तो म्हणायचा. "तू खिडकीबाहेर बघितलंस की मी ती ओळ खोडतो."

हृदयाचं ऑपरेशन करून परतला, तेव्हापासून मात्र गप्पच. बॅगेतून कागद निघेनात. ती शांत बस मला खायला उठायची.

आज अचानक म्हणाला, "यल्ला, चल, ऐक."

छान वाचत होता. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

त्याने एक शिवी हासडली आणि पेन काढलं. माझा जीव भांड्यात पडला.