वाडग्यातला तडा

रविवार, १२ मे २०२४, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. अमरावतीच्या काचकला संग्रहालयात मी माझ्या अकोल्याच्या मैत्रिणीने घडवलेल्या काचेच्या वाडग्यासमोर उभी होते. संग्रहालयात मांडलेले तिचे हे पहिलेच काम. ती परदेशात शिकत असल्याने पाहायला मला पाठवले होते. वाडग्याच्या जाड तळातून एक तडा वर निघाला होता. वाडगा ठेवलेल्या काचेच्या पेटीतला दिवा त्याची एकच बाजू तापवत होता. मी पदार्थविज्ञान शिकलेली असल्याने तडा वाढत जाऊन वाडगा फुटणार हे मला स्पष्ट दिसत होते.

दिवा बंद करा, असे मी पहारेकऱ्याला सांगितले.

"तडा नाही ताई, डिझाइन हाय थे," तो हसला. "या कलाकार लोकायचं असंच रायते."

"मघाशी मोजला तेव्हा चाळीस मिलिमीटर होता, दादा. आता पन्नास आहे."

त्याने वाकून पाहिले आणि त्याचे हसू मावळले. "बटन हापिसात हाय, अन् चाबी साहेबापाशी. साहेब लग्नाले गेले अकोल्याले."

साहेबांचा फोन नुसता वाजत राहिला. मैत्रिणीला मी फोन केलाच नाही. पेटीला बाहेरून पर्समधली मोजपट्टी लावून तडा मोजत राहिले, कारण दुसरे काहीच करता येत नव्हते. चार वाजता तडा बासष्ट मिलिमीटर होता.