कोळशाच्या रेघा

भाताच्या रोवणीच्या चिखलाचा वास आला की मला आरमोरीकडच्या एका गावातला शाळेचा व्हरांडा आठवतो. तिथं सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांना दुखणं किती वेळा उठतं याचा अभ्यास चालला होता आणि फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. ‘दुखलं म्हणून दवाखान्यात किती वेळा गेलात?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळे “एकदाबी नाई” म्हणत. व्हरांड्यात भरलेल्या गावाच्या बैठकीत अभ्यासाचे डॉक्टर म्हणाले, “म्हणजे दुखणं फारसं नसावं.” तशी तळ्यावर मासे धरणारी एक बाई, स्वतः रुग्ण, ताडकन उठली. “डॉक्टरभाऊ, नाल्याले पूर असल्यावर दवाखान्यात कोन जाते? आमी घरीच तळमळत राह्यतो. ते दिवस मोजा ना!” “ते कसे मोजायचे, बाई?” “कामाले जाणं नाई झालं का भितीवर कोळशाची एक रेघ मारू.” डॉक्टरांनी तो प्रश्न तिथंच खोडला आणि ती सांगेल तसा नवा लिहिला. पावसाळा संपल्यावर आम्ही घरोघर गेलो, तर पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंती रेघांनी भरल्या होत्या. डॉक्टरांनी एकेक रेघ मोजून फॉर्मात लिहिली. त्या मोजणीमुळेच गावातच दुखण्यावरच्या गोळ्या ठेवायचं ठरलं. अहवाल छापून आला तेव्हा अभ्यास करणाऱ्यांच्या यादीत दोन डॉक्टरांच्या मधे तिचं नाव होतं. मी बोट ठेवून दाखवलं, तर ती सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, “पाहा, आमी मोजलं म्हून समजलं या डॉक्टरायले!” आजही कुठलाही फॉर्म मी आधी रुग्णांना वाचून दाखवते, आणि त्यांनी एखादा प्रश्न खोडायला लावला की मला मनापासून आनंद होतो.