सरांची सहा पायऱ्यांची शिडी

पाठक सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी नांदेडच्या दवाखान्यात एका आजीबाईंचा रक्तदाब बघत होते. फोन काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा. "सकाळी चहा मागितला, अन् मी घेऊन येस्तोवर..." एवढंच त्या बोलल्या. मी आजीबाईंच्या दंडावरचा पट्टा सोडला, आकडा लिहिला आणि मग जिन्यात जाऊन रडले. त्याला आता दीड महिना झाला. रडणं ओसरलं, पण दिवाळीत सरांशी बोललेलं एक खोटं काही ओसरत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

कळमनुरीजवळच्या तांड्यावरून आम्ही पोरं चालत शाळेत यायचो, आणि इंग्रजीच्या तासाला भिंतीमागे लपायचो. सरांनी त्यावर भलताच इलाज काढला. पत्र्यावर चढायची एक जुनी लाकडी शिडी शाळेत पडून होती. तिच्या सहा पायऱ्यांवर त्यांनी पांढऱ्या रंगानं सहा शब्द लिहिले. सगळ्यात वर ऑलवेज, मग युज्वली, ऑफन, समटाइम्स, खालून दुसरा सेल्डम, म्हणजे क्वचित, आणि तळाला नेव्हर. नेहमीपासून कधीच नाहीपर्यंत. दर शनिवारी एकेकानं आपल्या घरचं एक वाक्य करायचं आणि त्या वाक्याच्या पायरीवर उभं राहून म्हणायचं. सर खाली शिडी धरून उभे. वाक्य झालं की विचारायचे, "बराबर?" आपणही "बराबर" म्हणायचं. जीभ अडखळली की उतरायचं. "इंग्रजी चुकली तर चालंल," ते म्हणायचे, "खोटं बोलून वर चढू नका. खाली उभं राहून खरं बोला." एकदा आम्ही त्यांनाच चढवलं. ऑलवेजवर पाय ठेवून बराच वेळ विचार केला, मग एक पायरी उतरले आणि म्हणाले, मी बहुतेक वेळा दाढी करतो! वर्ग आडवा पडला हसून. दाढीचे खुंट तर समोरच दिसत होते.

आठवीत माझी पाळी आली तेव्हा मी सरळ तळाच्या पायरीवर उभी राहिले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, माझा बा शाळेचं कधीच विचारत नाही. "बराबर?" "बराबर." पोरं हसली, सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार. सर सायकल मारत तांड्यावर हजर. बा बैलांना पाणी पाजत होता. त्याला वाटलं, पोरीनं काही तरी कांड केलं. सर म्हणाले, "राठोड, तुमच्या लेकीनं एक वाक्य म्हटलंय, अन् ते खरं हाय. ते खोटं पाडायचं काम तुमचं." एवढं बोलून पाणी प्यायले आणि गेले. मी लाजेनं गोठ्यामागे बसले होते. त्या संध्याकाळी बानं पहिल्यांदा विचारलं, "आज साळंत काय झालं?" शाळेला सुट्टी होती, हे त्याला माहीतच नव्हतं! पण मग तो अधूनमधून विचारत राहिला. महिन्याभरानं एका शनिवारी फेटा बांधून थेट वर्गाच्या दारात आला. मी तेव्हा समटाइम्सवर उभी, बा शाळेचं कधी कधी विचारतो म्हणत. सरांनी त्याला सगळं समजावलं. बानं शिडीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "अन् माझं पोरगं वरती काहून न्हाई?" सर म्हणाले, "ते तुमच्यावर हाय." बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्म भरायला बाच माझ्यासोबत आला. मी आज पांढऱ्या कपड्यात आहे ती त्या एका रविवारामुळं.

नांदेडला निघताना सरांच्या पाया पडून म्हणाले होते, "दर महिन्याला येत जाईन." सर हसले. "शिडी बघून बोल, बाई." तेव्हा ते निवृत्त झाले होते, आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी काढून शिडी घरी घेऊन आले होते. पहिली दोन वर्षं मी खरंच गेले. मग ड्यूटी, मग लग्न, मग लेकरू... कारणं सगळी खरी होती, पण एसटीनं दीड तासाचंच अंतर होतं हेही खरं. दिवाळीत गेले ती पावणेदोन वर्षांनी. सर वाळले होते. अंगणातल्या शिडीकडे बोट करून म्हणाले, "तू आमच्याकडे येतीस, ते कोण्या पायरीवर?" मी पटकन म्हणाले, "समटाइम्स, सर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बराबर?" "बराबर." जीभ अडखळली नाही, पण डोळे खाली गेले. सरांनी ते पाहिलं. काकूंना म्हणाले, "हिला चिवडा बांधून दे." खोटं बोलून वर चढलेल्या मला त्यांनी खाली उतरवलं नाही.

गेल्या रविवारी काकूंना भेटायला गेले. शिडी अंगणात तिथंच होती, काकू तिच्यावर ओले पंचे वाळत घालतात. मी विचारलं, "सर माझी आठवण काढायचे का?" काकू म्हणाल्या, "रविवार आला की म्हणायचे, आज येईल पोरगी. मी म्हणायची, न्हाई येत, तिला ड्यूटी असती. तरी दाराकडं तोंड करून बसायचे."

"कधी कधी?" मी विचारलं.

काकूंना इंग्रजी येत नाही, पण ते सहा शब्द त्यांच्या घरात वीस वर्षं उभे होते. त्यांनी पंचा बाजूला सारला आणि सगळ्यात वरच्या पायरीवर हात ठेवला.

मी चपला काढल्या, खालून दुसऱ्या पायरीवर चढले आणि म्हणाले, "मी सरांकडे क्वचित आले."

काकूंनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती. "बराबर," त्या म्हणाल्या. "उतर आता. चहा निवून राहिला."